धावत्या दृश्याचा वेध : कॅमेऱ्याचा आणि बाळाचा

कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार आमच्या बैहर तहसिलीत आहे. त्यामुळे वन्यजीव छायाचित्रणाचा छंद येथे सहज जडतो. साल वृक्षांच्या सावलीत निवांत बसलेल्या वाघाचे चित्र तुलनेने सोपे. परंतु कुरणातून उधळलेले बाराशिंगे टिपताना भल्याभल्यांची चित्रे धूसर येतात. १९७० साली येथे अवघे ६६ बाराशिंगे उरले होते. संरक्षणामुळे त्यांची संख्या पुढे कितीतरी वाढली, म्हणूनच हे दृश्य आज आपल्या वाट्यास येते. ते निसटू नये यासाठी कॅमेऱ्याचा ऑटोफोकस हलत्या विषयाचा पाठलाग कसा करतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला त्यात आणखी एक धडा दिसतो. तो लेखाच्या उत्तरार्धात मांडला आहे.

पाठलागाचे तंत्र

१९८५ साली मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने स्वयंचलित केंद्रीकरण छंदिष्टांच्या हाती रुळवले. यामागील तत्त्व आपल्या दोन डोळ्यांसारखे आहे. लेन्सच्या दोन विरुद्ध कडांतून येणाऱ्या प्रकाशाच्या दोन प्रतिमांची तुलना केली जाते. त्यांतील अंतरावरून लेन्स कोणत्या दिशेने आणि किती सरकवायची, हे एकाच मोजणीत कळते.

स्थिर विषयास एवढे पुरेसे आहे, धावत्यास नाही. एक हिशेब पाहू. ४०० मिलिमीटरची लेन्स, ५.६ छिद्रमान आणि १५ मीटरवरील प्राणी असेल, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अर्ध्या मीटरचा असतो. प्राणी सेकंदाला १० मीटर वेगाने आपल्याकडे येत असेल आणि बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत सेकंदाचा विसावा भाग गेला, तर तेवढ्यात तो अर्धा मीटर पुढे सरकलेला असतो. केंद्रीकरण अचूक असूनही चित्र धूसर!

म्हणून कॅमेरा एकामागून एक मोजण्या करून विषयाचा वेग काढतो आणि शटर उघडेल त्या क्षणी तो कोठे असेल, तेथे लेन्स आधीच नेऊन ठेवतो. आजचे मिररलेस कॅमेरे तर प्राण्याचा डोळा ओळखून त्याचाच माग काढतात.

व्यवहारातील सूचना

१. सतत केंद्रीकरणाचा पर्याय निवडावा. निकॉन व सोनीमध्ये त्यास एएफ-सी, तर कॅननमध्ये सर्व्हो म्हणतात.

२. बटण अर्धवट दाबून विषय क्षणभर आधीपासून धरून ठेवावा. भाकीत करण्यास कॅमेऱ्यास आधीच्या मोजण्या लागतात. ऐनवेळी दाबलेल्या बटणास त्या मिळत नाहीत.

३. गवताची काडी वा झाडाचे खोड मध्ये आले की केंद्र त्यावर उडी मारते. त्यासाठी पाठलागाची संवेदनशीलता कमी ठेवावी.

४. शाळेच्या मैदानावरील कबड्डीसाठी सेकंदाचा पाचशेवा आणि धावत्या हरणासाठी हजारावा भाग, असा शटरवेग ठेवून प्रारंभ करावा. विषय हलल्यामुळे आलेली अस्पष्टता ऑटोफोकस दूर करू शकत नाही.

बाळाचा ऑटोफोकस

कॅमेरा हे सारे कारखान्यातून शिकून येतो. बाळ मात्र जन्मानंतर शिकते. नवजात अर्भक २० ते ३० सेंटिमीटरवरील चेहऱ्यावर क्षणभर नजर स्थिरावते. सहा ते आठ आठवड्यांत ते आईच्या चेहऱ्याचा माग घेऊ लागते आणि तीन महिन्यांच्या सुमारास त्याची नजर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग फिरते. हे शिक्षण डोळ्याइतकेच मेंदूचे असते. डोळ्यातून स्पष्ट प्रतिमाच पोहोचली नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे पाठ फिरवतो. जन्मजात मोतीबिंदूत म्हणूनच पहिले काही आठवडे निर्णायक असतात. उशिरा शस्त्रक्रिया होऊन भिंग स्वच्छ झाले तरी दृष्टी पूर्ण येईलच असे नाही.

पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तीन महिन्यांचे बाळ चेहऱ्याचा माग घेत नसेल, चार महिन्यांनंतरही तिरळेपणा दिसत असेल किंवा फ्लॅशच्या छायाचित्रात एका बाहुलीत लालऐवजी पांढरी चमक दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे. अशी चमक कधीकधी केवळ प्रकाशाच्या कोनामुळेही येते. परंतु तिच्यामागे मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोगही असू शकतो. हा कर्करोग बहुतांशी पाच वर्षांच्या आतील मुलांत आढळतो आणि वेळीच उपचार झाल्यास जीव तर वाचतोच, पुष्कळदा डोळाही वाचतो. ‘मोठे झाल्यावर आपोआप बरे होईल’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा दिलासा येथे घातक ठरतो.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती अशी की, सहाव्या आठवड्याच्या लसीकरणासाठी आलेल्या प्रत्येक बाळाच्या दोन्ही बाहुल्यांतील लाल प्रतिबिंब ऑफ्थॅल्मोस्कोपने पाहावे. खोलीत किंचित अंधार आणि एक मिनिट, एवढेच त्यास लागते. शंका आल्यास बाळास नागपूर, जबलपूर अशा मोठ्या केंद्राकडे त्याच आठवड्यात पाठवावे. उधळून गेलेला कळप पुढील हंगामात पुन्हा कुरणावर येईल. बाळाच्या दृष्टीचा हा हंगाम मात्र एकदाच येतो.