माकडांकडून माणसांकडे येणारा हिवताप

हिवताप, म्हणजेच मलेरिया, डासामार्फत एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जातो, हे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. परंतु माकडांच्या रक्तात वाढणारा हिवतापाचा एक जंतूही माणसास बाधतो. निफाड हा द्राक्षबागांचा व उसाचा तालुका, येथे घनदाट अरण्य नाही. मग हा विषय येथे कशासाठी, असे आमच्या देणगीदारांस व वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे.

या जंतूचे नाव प्लास्मोडियम नोलेसी. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. नोल्स व डॉ. दासगुप्ता यांनी १९३२ साली तो माणसासही बाधू शकतो, हे दाखवून दिले. १९६५ साली मलेशियाच्या अरण्यात राहून आलेल्या एका व्यक्तीस त्याची नैसर्गिक लागण झाल्याचे आढळले. तरीही ही बाब अपवादात्मकच मानली गेली. पुढे २००४ साली मलेशियातील कापित येथील हिवतापाच्या २०८ रुग्णांच्या रक्ताची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १२० जणांना हाच हिवताप होता! सूक्ष्मदर्शकाखाली तो दुसऱ्या, सौम्य हिवतापासारखा दिसत असल्याने ओळख चुकत होती. प्रत्यक्षात हा जंतू दर २४ तासांनी वाढतो. उपचारास विलंब झाल्यास रुग्ण दगावू शकतो. वेळीच निदान झाल्यास मात्र हिवतापाच्या प्रचलित औषधांनी तो बरा होतो.

जंगलतोड होऊन शेती व वस्ती अरण्यात शिरली की माणूस, माकड आणि डास एकाच जागी येतात. मलेशियात २०१८ पासून सलग काही वर्षे मानवी हिवतापाचा एकही स्थानिक रुग्ण नोंदला गेला नाही. माकडांकडून येणाऱ्या हिवतापाचे रुग्ण मात्र दरवर्षी हजारोंनी आढळत राहिले. माणसांवर औषधोपचार करता येतो, रानातील माकडांवर कसा करणार? जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर, एक खाते मिटले तरी दुसऱ्या खात्यावरील येणे चालूच राहिले.

आपल्या राज्यात याच्याशी नामसाधर्म्य असलेला, पण सर्वस्वी वेगळा रोग आहे, तो म्हणजे माकडताप. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात तो प्रथम आढळला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात, तर २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. काजूच्या बागांत व रानात काम करणाऱ्यांना त्याची झळ पोहोचली. हा रोग विषाणूचा असून तो डासामुळे नव्हे, तर गोचिडीच्या चाव्यामुळे होतो. त्यावर खास औषध नाही. लक्षणांनुसार उपचार व शुश्रूषा हाच आधार. या रोगाने माकडेही मरतात. म्हणून रानात मेलेले माकड दिसल्यास त्यास हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे.

दोन्ही रोगांत माकड हे गुन्हेगार नसून आपल्यासारखेच बाधित आहे. त्यास मारून रोग जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निफाडला अरण्य नसले तरी अरण्यातून येणारी माणसे आहेत. छाटणी व काढणीच्या हंगामात डोंगराळ तालुक्यांतून मजूर येतात. आपलेही आप्त कोकणात, गोव्यात व परदेशी जाऊन येतात. ताप अंगात असतो, पण त्याचा पत्ता प्रवासात असतो. म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांस आमची विनंती आहे, की ताप आल्यास गोळी घेऊन वाट पाहू नये; त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि गेल्या महिनाभरात रुग्ण कोठे गेला होता, रानात काम केले का, गोचीड चावली का, हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे.

विश्वस्त व देणगीदार यांच्यापुढेही आम्ही एवढेच मांडतो, की रुग्णालयाची इमारत सर्वांना दिसते, प्रयोगशाळेतील काचपट्टी कोणाला दिसत नाही. तरीही योग्य उपचाराचा आरंभ त्या काचपट्टीपासूनच होतो.