ग्रंथालय वर्गीकरण आणि उद्धरण विश्लेषण : संशोधनाच्या मोजमापाचे शास्त्र व मर्यादा

संशोधक आपल्या लेखाच्या शेवटी ज्या पूर्वसूरींचे ऋण मान्य करतो, त्या नोंदींची मोजणी व त्यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास म्हणजे उद्धरण विश्लेषण होय. एखाद्या विषयातील प्रभावी ग्रंथ, प्रमुख नियतकालिके आणि साहित्याच्या जुने होण्याचा वेग या पद्धतीने समजतो.

या पद्धतीचा उगम ग्रंथालयाच्या अर्थकारणात आहे. १९२७ मध्ये ग्रॉस व ग्रॉस यांनी रसायनशास्त्राच्या एका नियतकालिकातील उद्धरणे मोजली. मर्यादित निधीत महाविद्यालयाने कोणती नियतकालिके घ्यावीत, हा त्यांचा प्रश्न होता. १९३४ मध्ये ब्रॅडफर्ड यांनी दाखवले की, एखाद्या विषयावरील लेखांचा मोठा वाटा मोजक्या नियतकालिकांत एकवटलेला असतो. उर्वरित लेख असंख्य नियतकालिकांत विखुरलेले असतात. युजीन गारफिल्ड यांच्या विज्ञान उद्धरण निर्देशिकेने १९६४ पासून या अभ्यासाला व्यापक आधार दिला.

भारताचे योगदानही पायाभूत आहे. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत विषयांची यादी आधीच तयार असते. रंगनाथन यांनी विषयाचे पैलूंत विभाजन करून त्यांची जोडणी करण्याची रीत दिली. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश व काल हे त्यांचे पाच मूलभूत प्रवर्ग होत. ग्रंथालयीन प्रश्नांना संख्याशास्त्र लावण्यासाठी ‘लायब्रमेट्री’ ही संज्ञा त्यांनी १९४८ मध्ये सुचवली. ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हा शब्द १९६९ मध्ये रूढ झाला.

वर्गीकरणविषयक साहित्याचे उद्धरण विश्लेषण करताना मात्र एक अडचण येते. पैलू-विश्लेषणाची कल्पना आज इतकी सर्वमान्य झाली आहे की, ती वापरणारे अनेकजण मूळ ग्रंथाचा उल्लेखच करीत नाहीत. संकेतस्थळावर किंमत, आकार व रंग असे निकष लावून वस्तू निवडण्याची सोय याच विचाराशी मिळतीजुळती आहे. कल्पना पूर्णपणे आत्मसात झाली की तिचे उद्धरण घटते. समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी या प्रक्रियेकडे लक्ष वेधले होते. त्यामुळे कमी उद्धरणे म्हणजे कमी प्रभाव, असा निष्कर्ष घाईचा ठरतो.

परीक्षार्थींनी दोन मापे नीट समजून घ्यावीत. नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षी मिळालेली उद्धरणे भागिले त्या लेखांची संख्या, म्हणजे प्रभाव गुणांक. हर्श यांचा २००५ चा एच-निर्देशांक व्यक्तीसाठी आहे. समजा, पाच लेखांना अनुक्रमे १०, ७, ५, ४ व १ उद्धरणे मिळाली. किमान चार उद्धरणे असलेले चार लेख असल्याने निर्देशांक ४ येतो.

मोजमाप हेच उद्दिष्ट बनले की वर्तन बदलते, हे अर्थशास्त्राला परिचित आहे. पदोन्नती प्रकाशनांच्या संख्येशी जोडली गेल्यावर निकृष्ट नियतकालिकांना बाजारपेठ मिळाली. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुण्यातील अभ्यासकांचा सहभाग असलेल्या तपासणीत, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांच्या नमुन्यापैकी ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असू शकतात, असे आढळले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने केअर यादी आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांकडे सोपवली.

आणखी एक प्रश्न भाषेचा आहे. आंतरराष्ट्रीय निर्देशिकांत इंग्रजी नियतकालिकांचे प्राबल्य आहे. मराठीतील संशोधन तेथे क्वचितच मोजले जाते. म्हणून ते प्रभावहीन ठरत नाही. उद्धरण विश्लेषण हे दिशादर्शक साधन आहे. अंतिम निर्णय मात्र संशोधन वाचूनच घ्यावा लागेल, आणि भारतीय भाषांतील उद्धरणांची पद्धतशीर नोंद झाल्यासच हे साधन सर्वांना समान न्याय देऊ शकेल.