लहान शहरातील भाड्याचे घर : परवडणाऱ्या दराचे अर्थशास्त्र

तालुक्याच्या ठिकाणी बदली झालेली परिचारिका, तासिका तत्त्वावर रुजू झालेला अधिव्याख्याता किंवा औद्योगिक वसाहतीत नव्याने नोकरी लागलेला तंत्रज्ञ यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो राहण्याच्या जागेचा. लहान शहरात घरभाडे कमीच असणार, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. शासकीय घरभाडे भत्त्याची रचनाही याच गृहीतकावर आधारलेली आहे. जानेवारी 2024 पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी ‘एक्स’ वर्गातील शहरांत मूळ वेतनाच्या 30 टक्के, ‘वाय’ वर्गात 20 टक्के आणि ‘झेड’ वर्गात 10 टक्के असा भत्ता लागू झाला. पाच लाखांहून कमी लोकसंख्येची सर्व ठिकाणे या शेवटच्या वर्गात मोडतात. परंतु भाड्याचा आकडा लहान असणे आणि घर परवडणे या दोन भिन्न बाबी आहेत.

कुटुंबाच्या उत्पन्नाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंतचा निवासखर्च परवडणारा मानण्याची पद्धत आहे. समजा, लहान शहरातील एका नोकरदाराचे मासिक उत्पन्न 20,000 रुपये आहे. या निकषानुसार त्याला 6,000 रुपये भाडे झेपू शकते. आता हाच व्यवहार घरमालकाच्या बाजूने पाहू. दोन खोल्यांच्या सदनिकेची किंमत 25 लाख रुपये धरली, तर 6,000 रुपये भाड्याने वर्षाला 72,000 रुपये, म्हणजे गुंतवणुकीवर 2.88 टक्के परतावा मिळतो. त्यातून मालमत्ता कर, रंगरंगोटी, दुरुस्ती आणि मधले रिकामे महिने वजा जातात. बँकेतील मुदत ठेव कोणताही त्रास न देता याहून अधिक व्याज देते. भाडेकरूला जे भाडे जेमतेम परवडते, ते नवे घर बांधणाऱ्याला परवडत नाही, हा या प्रश्नाचा गाभा होय. केवळ भाड्याने देण्यासाठी घर बांधणारा गुंतवणूकदार लहान शहरात क्वचितच आढळतो, तो यामुळेच. उपलब्ध असतात त्या घरमालकाच्याच घरातील वरच्या मजल्यावरच्या खोल्या, मुले परगावी गेल्याने मोकळा झालेला भाग, किंवा भाववाढीच्या आशेने घेऊन कुलूप लावून ठेवलेली सदनिका.

रिकामी घरे आणि घरांची टंचाई

2011 च्या जनगणनेनुसार देशातील नागरी कुटुंबांपैकी 69.2 टक्के स्वतःच्या घरात, तर 27.5 टक्के भाड्याच्या घरात राहत होती. 2017-18 च्या आर्थिक पाहणीने नोंदविल्याप्रमाणे नागरी भागातील भाड्याच्या घरांचे प्रमाण 1961 मध्ये 54 टक्के होते. ते पन्नास वर्षांत निम्म्यावर आले. याच जनगणनेत नागरी भागात सुमारे 1.1 कोटी घरे रिकामी आढळली, आणि 2012 मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने नागरी घरांची टंचाई 1.88 कोटींच्या आसपास असल्याचे सांगितले. ही टंचाई जवळजवळ सर्वस्वी आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील होती. परीक्षार्थींनी हे दोन आकडे एकमेकांतून वजा करण्याचा मोह टाळावा. टंचाईच्या अंदाजात मोडकळीस आलेली घरे व अतिदाटीने राहणारी कुटुंबेही धरलेली असतात, आणि रिकाम्या घरांतील बरीच घरे या कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची असतात.

मालक घर रिकामे ठेवणे का पसंत करतो? परतावा कमी आहे, हे एक कारण. दुसरे कारण कायद्याच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील टंचाईतून भाडेनियंत्रण आले आणि 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यासारख्या कायद्यांनी ते स्थिरावले. भाडे गोठले, भाडेकरू हलेनासा झाला, मालकाने दुरुस्ती थांबविली. मलपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये गोठविलेले प्रमाण भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचा निर्वाळा दिला. महाराष्ट्राचा 1999 चा भाडेनियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्यात वार्षिक 4 टक्के भाडेवाढीला मुभा आहे आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची मुदत संपताच जागा परत मिळविण्याची तरतूद आहे. दिल्लीत मात्र 1995 चा सुधारित भाडे कायदा संसदेने संमत करूनही कधी अंमलात आला नाही. जुन्या भाडेकरूंचा विरोध किती प्रभावी असतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कायदे बदलले, तरी ‘भाडेकरू निघाला नाही तर?’ ही धास्ती घरमालकाच्या मनातून गेलेली नाही. लहान शहरात तर तिला आणखी एक पदर आहे.

ओळख हीच हमी

जॉर्ज अकरलॉफ, मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांना 2001 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक माहितीच्या विषमतेवरील कामासाठी मिळाले. भाड्याचे घर हे या सिद्धान्ताचे अगदी घरगुती उदाहरण आहे. येणारा माणूस भाडे वेळेवर देईल काय, हे मालकाला ठाऊक नसते. पाणी दिवसाआड येते की चार दिवसांनी, सबमीटरवर विजेचा दर काय लावला जातो, हे भाडेकरूला ठाऊक नसते. महानगरात ही पोकळी दलाल, जाहिराती आणि दलाली भरून काढतात. लहान शहरात ते काम ओळख करते. किराणा दुकानदार, शाळेतील शिपाई, कार्यालयातील सहकारी यांच्या तोंडी घराची बातमी फिरते व त्यांचाच शब्द हमी ठरतो. अशा व्यवस्थेत दलाली वाचते, हे खरे. पण ज्याची गावात ओळख नाही, त्याला बाजार जवळजवळ बंद असतो.

या व्यवस्थेची खरी किंमत येथे मोजावी लागते. एकटी नोकरदार स्त्री, अविवाहित तरुण, दलित वा मुस्लिम कुटुंब यांना भाडे देण्याची ऐपत असूनही ‘जागा कालच गेली’ असे उत्तर मिळते. सुखदेव थोरात व सहकाऱ्यांनी दिल्ली व लगतच्या शहरांत केलेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दलित व मुस्लिम घरशोधकांना नकार किंवा प्रतिकूल अटी आढळल्या. आडनाव मागे टाकता येते असे जिथे मानले जाते, त्या महानगरातील हा निष्कर्ष आहे. आडनावावरून आळी ओळखणाऱ्या गावात याहून चांगली स्थिती अपेक्षिण्यास आधार नाही. नकार मिळालेला माणूस गावाच्या टोकाला घर घेतो किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून रोज ये-जा करतो. भाड्यात वाचलेले पैसे बसच्या तिकिटात जातात. ‘परवडणारे’ या शब्दाच्या हिशेबात हा प्रवासखर्च धरलाच पाहिजे.

करार, अनामत आणि अकरा महिने

भाडेकरार अकरा महिन्यांचाच का असतो, हा मुलाखतीत विचारण्याजोगा प्रश्न आहे. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी ही मुदत रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट चालत नाही. 1999 च्या कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृतच हवा आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. प्रत्यक्षात लहान गावांत तोंडी बोलीवरच घरे दिली जातात. मग भाडेकरूजवळ ना पत्त्याचा पुरावा राहतो, ना अनामत परत मागण्याचा आधार.

2 जून 2021 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेला आदर्श भाडेकरार कायदा याच दुबळ्या जागेवर बोट ठेवतो. निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, भाडेवाढीची सूचना तीन महिने आधी द्यावी, पाणी-वीज तोडू नये, अशा तरतुदी भाडेकरूसाठी आहेत. मुदतीनंतर न निघणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडे, ही तरतूद मालकासाठी. हा नमुना राज्यांवर बंधनकारक नाही. उत्तर प्रदेश व आसाम यांनी 2021 मध्ये त्या धर्तीवर कायदे केले. यातील भाडे प्राधिकारी उपजिल्हाधिकारी दर्जाहून खालचा नसावा, अशी अट आहे. महसुली कामांनी आधीच वाकलेल्या या अधिकाऱ्याकडे दोन महिन्यांच्या अनामतीचा तंटा किती लवकर सुनावणीस येईल, याची शंका रास्त आहे.

पुरवठ्याच्या बाजूने 2020 मध्ये परवडणाऱ्या भाडे गृहसंकुलांची योजना आली. पूर्वीच्या योजनांतील रिकामी सरकारी घरे भाड्याने देणे, हे तिचे पहिले प्रारूप. राजस्थानातील चित्तोडगडसारख्या, 2011 मध्ये सव्वा लाखाच्या आत लोकसंख्या असलेल्या शहरातही ते राबविले गेले. सप्टेंबर 2024 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी 2.0 मध्ये भाड्याची घरे हा चार घटकांपैकी एक आहे. मात्र शहरी योजना जिथे पोहोचतात त्यापलीकडेही शहरे वाढत आहेत. जनगणना नगरे 2001 मधील 1,362 वरून 2011 मध्ये 3,894 झाली. लोकसंख्या, घनता व बिगरशेती रोजगार या निकषांवर ती शहरे आहेत, पण त्यांचा कारभार बहुतांशी ग्रामपंचायतीच पाहते. तेथे खोली शोधणाऱ्या परिचारिकेसाठी आजही किराणा दुकानदाराचा शब्द हाच सर्वात जवळचा भाडे प्राधिकारी आहे.