कंट्रोलरच्या पोटात किती भरायचे?

हिंजवडी मुळशी तालुक्यात मोडते, हे शिवाजी चौकात रोज गाडी अडकवून बसणाऱ्या अनेक इंजिनिअरांच्या ध्यानातही नसते. त्यांच्या लेखी मुळशी म्हणजे ताम्हिणीचा पाऊस आणि धरणाकाठची रिसॉर्ट्स. अशाच एका रिसॉर्टच्या बुकिंगसाठी आयटी पार्कातल्या एका छोट्या चमूने लाराव्हेल या वेब फ्रेमवर्कमध्ये केलेले काम प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिले आहे.

बुकिंग कंट्रोलरमधल्या 'स्टोअर' या एकट्या फंक्शनवर सगळा संसार होता. फॉर्म तपासणे, खोली रिकामी आहे का पाहणे, शनिवार-रविवारचा वाढीव दर, जीएसटी, पेमेंट आणि शेवटी ग्राहकाला एसएमएस. डेडलाइन डोक्यावर होती आणि चाललेही ते व्यवस्थित. पुढे मोबाइल ॲप आले, त्याच्या एपीआयसाठी दुसरा कंट्रोलर लिहिला गेला आणि दराचा हिशेब तिथे कॉपी-पेस्ट झाला. फोनवरची बुकिंग्ज घेणाऱ्या फ्रंट डेस्कसाठी तिसरा कंट्रोलर निघाला. पुन्हा तेच.

22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. वेबसाइट आणि ॲपमध्ये बदल झाला, फ्रंट डेस्कचा कंट्रोलर मात्र कोणाला आठवलाच नाही. 4000 रुपयांची तीच खोली ॲपवर 4200 ला आणि फोनवर 4480 ला. चूक टेस्टरने नव्हे, दोन्हीकडे चौकशी करणाऱ्या ग्राहकाने पकडली.

कंट्रोलर फुगण्याचा हा प्रश्न जुनाच. तो ज्या मांडणीतून आला, ती मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर मांडणी ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी 1979 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात सुचवली. वेबवर तिला घराघरांत नेले ते 2004 मध्ये आलेल्या रुबी ऑन रेल्सने. दोनच वर्षांत प्रोग्रॅमर जेमिस बक यांना 'कंट्रोलर सडपातळ, मॉडेल धष्टपुष्ट' असे सांगावे लागले. लोकांनी ते इतके मनावर घेतले की मॉडेलेच अवाढव्य झाली! मग 2013 च्या रेल्स 4 मध्ये सामायिक कोडसाठी 'कन्सर्न्स'ची फोल्डरे तयारच मिळू लागली आणि अनेकांनी कंट्रोलरमधला कोड उचलून तिथे टाकला. फाइल छोटी दिसते, गुंता तेवढाच राहतो.

ओळी मोजण्यापेक्षा एक प्रश्न उपयोगी पडतो: हेच काम उद्या रात्रीच्या क्रॉन जॉबने करायचे ठरले, तर कंट्रोलरमधला कोड पुन्हा लिहावा लागेल का? लागत असेल, तर तो नियम चुकीच्या जागी आहे. रिसॉर्टच्या प्रणालीत कर-आकारणीचा वेगळा क्लास झाला. त्याला खोलीचा दर आणि तारीख द्यायची, तो कर सांगतो. रिक्वेस्ट, सेशन यांचा त्याला पत्ताच नाही, त्यामुळे 21 आणि 22 सप्टेंबरचे हिशेब ब्राउझर न उघडता टेस्ट करता येतात. फॉर्मची तपासणी लाराव्हेलच्या फॉर्म रिक्वेस्टमध्ये गेली, एसएमएस क्यूमध्ये. बुकिंग रद्द करण्यासाठी जुन्या कंट्रोलरला आठवे फंक्शन चिकटवण्याऐवजी 'रद्दीकरण' असा स्वतंत्र कंट्रोलर आला. रेल्सचे जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन हेही यादी दाखवणे, नवी नोंद, बदल, काढून टाकणे अशा ठरावीक सात क्रियांपलीकडे न जाता नवा कंट्रोलर काढण्याच्याच पक्षाचे.

उत्साहात कंट्रोलर पार रिकामा करणाऱ्यांनी मार्च 2012 आठवावा. फॉर्ममधून आलेली नको ती माहितीही थेट मॉडेलमध्ये जात असल्याचा फायदा घेऊन येगोर होमाकोव्ह या तरुणाने गिटहबवर स्वतःची की रेल्सच्या खात्याला जोडली आणि तिथे कमिटही करून दाखवला. त्यानंतर रेल्स 4 मध्ये 'स्ट्राँग पॅरामीटर्स' आले आणि कोणती फील्ड्स आत घ्यायची, हे कंट्रोलरमध्येच ठरू लागले. आलेला कोण आणि त्याने आणलेय काय, ही दारावरची चौकशी कंट्रोलरचीच.

पाच ओळींच्या कंट्रोलरसाठी सर्व्हिस क्लास काढणे हा निव्वळ सोस. सगळे एकदम फोडायलाही जाऊ नये. आधी सध्याच्या वागणुकीवर टेस्ट लिहाव्यात आणि मग एकेक नियम हलवावा. कुठून सुरुवात करायची असा प्रश्न असेल, तर आपल्या प्रोजेक्टमध्ये कराच्या टक्क्यांचा आकडा सर्च करून पाहा. तो एकापेक्षा जास्त कंट्रोलरांत सापडला, तर पहिले काम तेच.