कोयत्याची मजुरी

आजचं चिंतन: गीता, अध्याय १८, श्लोक ४६.

आपल्या वाट्याच्या कामानेच परमेश्वराची पूजा होते, असं भगवंत इथे सांगतात. माउलींनी तर कर्मालाच फूल म्हटलंय. आणि हे सांगितलं कुठे? आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये.

आज त्याच भागात ऊस उभा असतो. पाथर्डी, बीडकडची जोडपी तोडणीला जातात. हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये हा दर ३४ टक्के वाढला. ऊस तोडणं काही एका रात्रीत तेवढं अवघड झालं नव्हतं! संघटना भांडल्या, म्हणून दर हलला.

शिक्षण, कौशल्य यांनी पगारात फरक पडतोच. पण पुण्यातला आयटीवाला दुसरी ऑफर दाखवून पगार वाढवून घेतो (आपण सगळेच करतो). कोयत्याने मात्र हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत 'नाही' म्हणायची सोय नाही.

मग "ज्याचं त्याचं कर्म" म्हणत हा श्लोक इथे चिकटवायचा? मला नाही पटत. कुणाचीही पूजा कमी नाही, एवढंच तिथे आहे. मजुरीचा आकडा भगवंतांनी सांगितलेला नाही, तो आपण माणसं ठरवतो.

उद्या श्लोक ४७, स्वधर्म 'विगुण' म्हणजे काय ते पाहू. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा पगार शेवटचा कधी वाढवला, ते मात्र आज रात्रीच आईला विचारणार आहे.