आधी कोणाचे?

ईद उद्यावर आली आहे, अशी कल्पना करा. मुंब्र्यातील एका लहान दुकानात शिंपी एकच आहे आणि मशीनही एकच. सकाळी नऊ वाजता त्याच्यापुढे तीन कपडे आहेत. शेरवानीला पाच तास लागतील. तिचा वायदा संध्याकाळी सहाचा आहे. कमीजला तीन तास, वायदा दुपारी एकचा. लहान मुलाच्या सदऱ्याला एक तास, वायदा अकराचा.

शेरवानीवाला सर्वांत आधी आला होता, कमीजवाला त्याच्यानंतर. 'जो आधी आला, त्याचे आधी' हे आपल्याला न्यायाचे वाटते. पण मग शेरवानी दोनला होईल, कमीज पाचला आणि सदरा सहाला. सदऱ्याला सात तास उशीर! आता क्रम उलटा करा. सदरा दहाला तयार, कमीज एकला, शेरवानी सहाला. कोणालाच उशीर नाही. मशीन तेच, काम तेवढेच. (शिंपी जेवायला उठला नाही, एवढे मात्र मानावे लागेल.)

ज्याचा वायदा सर्वांत जवळचा, त्याचे काम आधी घेतले, तर सर्वांत मोठा उशीर कमीत कमी राहतो. हे जे. आर. जॅक्सन यांनी १९५५ साली अमेरिकेत दाखवून दिले.

पण समजा, नऊला वीज गेली आणि दहाला आली. त्याच क्रमाने कमीज दोनला होईल आणि शेरवानी सातला. दोघांना एकेक तास उशीर. कमीज शेवटी ठेवले, तर उशीर एकालाच होईल, पण सहा तासांचा! उशीर होणाऱ्या कामांची संख्या कमी कशी ठेवावी, याची रीत मूर यांनी १९६८ साली मांडली. दोन्ही रीती बरोबर आहेत. कोणती निवडायची, हे गणित सांगत नाही. तुम्ही शिंपी असता, तर काय केले असते?

रेल्वेचा रूळही अशा मशीनसारखाच आहे. एका जागी एका वेळी एकच गाडी. कसारा आणि कर्जत या दोन्ही बाजूंचे मार्ग कल्याणला एकत्र येतात. उशिरा आलेली लांब पल्ल्याची गाडी आधी सोडावी, की गच्च भरलेली लोकल? ठाणे ते दिवा पूर्वी चारच मार्ग होते. मेल गाड्या आणि जलद लोकल त्याच रुळांवरून जात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे पाचवा आणि सहावा मार्ग सुरू झाला. कल्याणच्या अलीकडे तुमची लोकल थांबली, तर खिडकीतून पाहा, शेजारून कोणती गाडी पुढे जात आहे.