चारचौघांत हात का थरथरतो?

प्रश्न : मी चाकणच्या कारखान्यात वेल्डिंग शिकतोय. एकटा असताना बीड (वेल्डची रेघ) सरळ येते. कुणी बघायला उभं राहिलं की हात थरथरतो. बरोबरची पोरं सगळ्यांसमोर बिनधास्त चुकतात. माझ्यात कसबच नाही का?
– एक वाचक, देहूरोड

उत्तर : कसब आहे, म्हणूनच एकट्यानं बीड सरळ येते. बघणाऱ्यांमुळे मुरलेलं काम सुधारतं, नवखं बिघडतं, असं मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी १९६५ मध्ये मांडलं. कुणी चुकत शिकतं, कुणी आधी हात बसवून. दोन्ही वाटा खऱ्या.

भंगार पट्टीवर आधी एका विश्वासू उस्तादांसमोर सराव करा, मग दोघांसमोर. मात्र लाजेपोटी सुट्टीनंतर एकट्यानं मशीन सुरू करू नका. हेल्मेट, हातमोजे हवेतच. घरी चहाचा कप धरतानाही हात थरथरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. धीर धरा, हात बसेल.